दोन श्वास तुझे, दोन माझे

जे लिहितोय ते खरं आहे. मी तेव्हा बोटीवर होतो, पूर्ण शुद्धीत होतो आणि प्यायलेला नव्हतो. आमच्याकडे समुद्राच्या गोष्टी सांगणारे निम्मे लोक प्यायलेले असतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बंदराचं नाव देणार नाही. कोरियातला गांगवोनचा किनारा, सोक्चो शहराच्या थोडं उत्तरेला, एवढं पुरे. नाव दिलं तर उन्हाळ्यात गिऱ्हाईक फिरकणार नाही, आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष माझी बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतील.

हे घडलं माझ्या चुलतभावाच्या बाबतीत. दोकसू त्याचं नाव. बंदरावर त्याचं डायव्हिंगचं दुकान होतं. मालसुन वहिनी मागच्या शेडमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरायच्या आणि मी बोट चालवायचो.

चौथा माणूस मुनहो.

मुनहो दोकसूचा पाण्यातला जोडीदार. वीसेक वर्षं दोघं एकत्रच खाली जायचे. पाण्यात एकट्यानं जायचं नसतं, हे तुम्ही ऐकलं असेल. एकाचं काही अडलं तर दुसऱ्यानं सोडवायचं. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची. आमच्या धंद्यात बायकोपेक्षा जोडीदार नीट निवडावा लागतो, असं मुनहो म्हणायचा, आणि वहिनी त्याच्या पाठीत ओला टॉवेल हाणायच्या.

आदल्या ऑक्टोबरात दोकसू सासूच्या सत्तरीला गेला होता. हवा छान होती, समुद्र स्वच्छ होता. मुनहोला राहवलं नाही. तो एकटाच उतरला.

खडकाला अडकलेल्या जुन्या जाळ्यात त्याचा पाय गुंतला. कापायला सुरी काढली ती हातातून निसटली आणि हात पोचेल त्याच्या बोटभर पलीकडे पडली.

बोटभरच. तिथं दुसरं कोणी असतं तर त्याला फक्त सुरी उचलून हातात द्यायची होती.

बाहेर काढला तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये हवेचा कणही उरला नव्हता.

त्यानंतर अध्यक्षांनी नियम केला. आपल्या बंदरातून एकटा माणूस पाण्यात जाणार नाही. मग तो कोणी का असेना.

इकडे दोकसू नवा जोडीदार घ्यायला तयार नव्हता. तो चिडका झाला होता, जेवणावरून उठून जायचा. मी एकदा समजवायला गेलो.

"दादा, तो क्वोन आहे ना, पोस्टातला. चांगला डायव्हर आहे. त्याला घे."

"आणि उद्या त्याला काही झालं की?"

"काही होत नाही."

"जोंगमान, दुसऱ्याचा जीव पुन्हा माझ्या गळ्यात नको. एकटा असलो की माझं मी बघेन. मेलो तर एकच मरेल."

मी माझी सिगरेट संपवली आणि निघालो.

एप्रिलमध्ये मोसम उघडण्याची पूजा झाली. दरवर्षी होते. धक्क्यावर चटई, त्यावर शिजवलेलं डुकराचं डोकं, तांदळाच्या वड्या, फळं आणि पांढरी तांदळाची दारू. समुद्राच्या राजाला सगळे वाकून नमस्कार करतात. मग एकेक जोडी पुढे येते. एकाच वाडग्यातून दोघं दारू पितात आणि उरलेली समुद्रात ओततात. या मोसमात आम्ही एकमेकांचे, असा त्याचा अर्थ. तोंडानं कोणी काही म्हणत नाही.

दोकसू एकटाच पुढे आला.

"जोडीदार कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं. "जोडीदार नसेल तर आधीच सांग, तुझं नाव काढून टाकतो. मागनं माझ्या दाराशी येऊन रडायचं नाही."

कोणीतरी हसलं. तेच बहुधा नडलं.

दोकसूनं वाडगा उचलला. अर्धा स्वतः प्यायला. मग धक्क्याच्या कडेला जाऊन उरलेली दारू वाडग्यासकट पाण्यात टाकली.

"माझा जोडीदार खाली आहे," तो म्हणाला. "मुनहो, ये. या मोसमात तूच."

अध्यक्षांच्या बायकोनं तीन वेळा जमिनीवर थुंकून पाठ फिरवली.

मी पाण्याकडे बघत होतो. लाकडी वाडगा हलका असतो. तो तरंगत होता, हळूहळू बाहेर चालला होता. आणि मग...

मग तो सरळ खाली गेला. कलंडला नाही, पाणी भरलं नाही. कोणी खालून अलगद धरून ओढावा तसा गेला.

मी कोणालाच काही बोललो नाही. पूजेच्या दिवशी असलं कोण बोलणार?

अध्यक्षांनी दोकसूचं नाव काढायला हवं होतं. पण ते घाबरले होते. "ज्याचा जोडीदार आहे त्याला मी कसा अडवू," एवढंच पुटपुटले आणि घरी गेले.

पहिल्या दिवशी मी त्याला खडकापाशी सोडलं.

बोटवाल्याला खालचं काही दिसत नाही. त्याला दिसतात बुडबुडे. खालच्या माणसानं श्वास सोडला की वर पाण्यावर बुडबुडे फुटतात. माणूस सरकला की तेही सरकतात. एक माणूस असेल तर बुडबुडे एकाच जागी येतात. मी अठरा वर्षं हेच बघत आलोय.

दोकसू उतरला. बुडबुडे आले. मी चहाचा थर्मास उघडला.

परत पाहिलं तर...

दोन जागी बुडबुडे येत होते. शेजारी शेजारी. आधी एकाचे फुटायचे, मग दुसऱ्याचे.

मी उभा राहिलो. आसपास दुसरी बोट नव्हती. बुडबुडे खडकाला वळसा घालून गेले आणि तसेच जोडीनं परत आले.

दोकसू वर आला. एकटाच. मी त्याच्या हातातलं सामान घेतलं आणि विचारलं, "दादा, तुझा नळा कुठे गळतोय का? दोन ठिकाणी हवा येत होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

"गळत नाहीये," तो म्हणाला.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, ते इथंच लिहितो.

तळाशी पोचल्यावर त्याला आवाज आला होता. पाण्याखाली बोलता येत नाही. त्यामुळे डायव्हर सुरीच्या मुठीनं आपल्या सिलिंडरवर ठोकून एकमेकांना हाक मारतात. प्रत्येकाची ठोकण्याची पद्धत वेगळी असते. मुनहोची आम्हा सगळ्यांना ठाऊक होती.

टक्... टक-टक.

दोकसूनं आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. गढूळ हिरवं पाणी आणि खडक. त्यानं आपल्या सिलिंडरवर ठोकून उत्तर दिलं. लगेच परत आवाज आला, या वेळी अगदी पाठीमागून.

तो घाबरला नाही. त्याला रडू आलं. मास्कमध्ये रडलं की काही दिसत नाही, म्हणून तो तिथंच बसून राहिला.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. जेवू लागला. वहिनींशी थट्टा करू लागला. एकदा खाली पुढे जात असताना ठोकण्याचा आवाज घाईघाईनं आला. तो थांबला. हातभर पुढे जाळं पसरलं होतं, पाण्याच्या रंगाचं, न दिसणारं.

"आता बोल," तो मला म्हणाला. "एकटा जाऊ नको म्हणता ना सगळे? माझ्याइतका सुरक्षित माणूस या किनाऱ्यावर दाखव. जिवंत जोडीदार चुकतो, घाबरतो, पळून जातो. माझा आता कुठे पळणार?"

मला ते ऐकून कसंतरीच झालं. पण त्याला इतक्या दिवसांनी आनंदात बघत होतो. मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं.

जून लागला आणि वहिनी एक दिवस शेडमधून बाहेर आल्या. त्यांच्या हातात रिकामं सिलिंडर होतं.

"जोंगमान भावजी, हा किती वेळ खाली होता?"

"नेहमीपेक्षा कमीच. निम्मा वेळ असेल."

"मी स्वतः भरलं होतं. काठोकाठ." त्यांनी झडप उघडली. फुस्ससुद्धा झालं नाही. "माझ्या नवऱ्याला मी ओळखते. आळशी माणूस आहे, श्वासही काटकसरीनं घेतो. एवढी हवा गेली कुठे?"

झडप बदलली, नळा बदलला. सोक्चोहून माणूस बोलावून सगळं तपासून घेतलं. काही दोष निघाला नाही. आणि प्रत्येक वेळी दोकसू आधीपेक्षा लवकर वर येत होता, हवेचा काटा शून्यावर, ओठ निळे.

शेवटी मी वहिनींना बुडबुड्यांचं सांगितलं.

त्या हातातलं कापड खाली ठेवून सरळ दुकानात गेल्या. मी मागोमाग गेलो. दोकसू शेवयांचं पातेलं पुढ्यात घेऊन बसला होता.

"तुझ्या हवेचं काय होतं?" वहिनींनी विचारलं.

त्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"तो मागतो," तो म्हणाला.

"कोण मागतो?"

"दिसत नाही नीट. गढुळात हात तेवढा दिसतो. असा." त्यानं आपला पंजा गळ्यावर आडवा फिरवला. माझी हवा संपली, याची ती खूण. पाण्यात ती दिसली की दुसरं काही बघायचं नसतं. आपली हवा द्यायची असते. "आधी शेवटी शेवटी करायचा. आता उतरलो की लगेच करतो."

"आणि तू देतोस?"

"जोडीदार आहे माझा."

"मेलाय तो, दोकसू."

"मेल्यावर हवा लागत नाही, असं तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. "तो हवेसाठी तडफडून मेला. मी तेव्हा तुझ्या आईच्या घरी केक खात होतो. त्यानं मागितली तर नाही कसं म्हणू?"

वहिनी खाली बसल्या. त्या कधी रडत नाहीत. तेव्हा रडल्या. रडता रडताच त्यानं उरवलेल्या शेवया त्यांनी संपवल्या, कारण अन्न टाकायची त्यांना सवय नाही. मग तोंड पुसून म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"वेड लागलंय का? पंधरा वर्षं झाली तुला पाण्यात जाऊन."

"मलाही मुनहोनंच शिकवलंय. जोडी दोघांची असते, तिघांची नसते. मी तुझा हात धरला की त्याला जावं लागेल. नाहीतर तू एक दिवस वर येणार नाहीस, आणि मग मी त्या शेडमध्ये कोणासाठी हवा भरू?"

आम्ही दोघांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. पण मालसुन वहिनींपुढे मी काय, अध्यक्षांनीसुद्धा हात टेकलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. धक्कादेखील दिसत नव्हता. मी म्हटलं, राहू दे आज. त्या बोटीत चढून बसल्या होत्या. अंगावर जुना सूट, पाठीवर जुनं सामान. आताच्या सामानात हवेसाठी दोन नळ्या असतात, एक स्वतःला आणि एक दुसऱ्याला द्यायला. त्यांच्या जुन्या सामानाला एकच होती.

हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला वाटलं, दोकसूजवळ आहेत ना दोन.

दोघं हात धरून उतरले.

बुडबुडे आले. दोन जागी. शेजारी शेजारी. मी श्वास सोडला.

आणि थोड्या अंतरावर...

तिसऱ्या जागी बुडबुडे आले.

ते लांबच थांबले होते. ही जोडी सरकली की तेही सरकायचे. जवळ यायचे नाहीत. मी कठडा घट्ट धरून बघत होतो. ओरडून काही उपयोग नव्हता, खाली ऐकू जात नाही.

मग ते जवळ आले.

खाली दोकसूला ठोकण्याचा आवाज आला. टक्... टक-टक. त्याचं म्हणणं, तो फक्त मान वळवून मागे बघायला थांबला. तेवढ्यात तळाचा गाळ उठला. सगळं दूध ओतल्यासारखं झालं. वहिनींचा हात त्याच्या हातात होता.

गाळ थोडा बसला आणि त्यानं पाहिलं...

त्याच्या मुठीत नुसता हातमोजा होता.

जोडीदार हरवला तर काय करायचं, याचाही नियम आहे. एक मिनिट शोधायचं. नाही सापडला तर वर यायचं, म्हणजे दोघं पाण्यावर भेटतात. दोकसूनं नियम पाळला. एक मिनिट शोधलं आणि वर आला.

वर मी एकटा होतो.

"मालसुन?"

मी मान हलवली. तो परत जायला निघाला तेव्हा मी त्याचा पट्टा पकडला आणि बोट दाखवलं.

पलीकडे बुडबुडे फुटत होते. एकाच जागी.

पण ते नेहमीसारखे नव्हते. दोनदा यायचे. मग थांबायचे. मग दोनदा यायचे, थोडे बाजूला. मग थांबायचे.

मी पाहत राहिलो. पण दोकसू लगेच समजला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हवा देतेय," तो म्हणाला. "जुन्या पद्धतीनं देतेय."

जुनी पद्धत अशी. दोघांत एकच नळी. आपण दोन श्वास घ्यायचे, तोंडातून काढून दुसऱ्याला द्यायची. त्यानं दोन घ्यायचे, परत द्यायची. दोन श्वास तुझे, दोन माझे. मुनहो सगळ्यांना आधी हेच शिकवायचा.

दोकसूनं सोडवून घेऊन पाण्यात डोकं घातलं तोच वहिनी वर आल्या. बोटीजवळच. शांत होत्या. मास्क वर केला आणि बोटीच्या कडेला दोकसूला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तू केव्हा वर आलास?"

दोकसूनं बोटीची कड धरली.

"आत्ता तर तुला हवा देत होते. तुझी संपली ना? तूच खूण केलीस." त्या एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. "वर येताना माझा दंड धरला होतास. नळी परत यायची तेव्हा बर्फासारखी गार लागत होती. मला वाटलं, पाणीच गार आहे..."

मग त्यांनाही कळलं.

मी शिडी सोडली. त्या चढू लागल्या. आणि मी त्यांच्या मागे पाहिलं.

त्यांच्या पाठीमागे, शिडीला लागून, पाण्यावर बुडबुडे फुटत होते. सावकाश. त्या एकेक पायरी वर चढत होत्या, आणि बुडबुडे तिथंच होते.

त्या बोटीत आल्या. बुडबुडे थांबले.

माझी बोट एका बाजूला कलली.

ती बोट मी वडलांकडून घेतली आहे. कोण चढलं की ती किती कलते, हे मला डोळे मिटून कळतं. वहिनी बारीक अंगाच्या आहेत. एका बाईच्या वजनानं माझी बोट तेवढी कलत नाही.

दोकसू त्यानंतर एकदाच पाण्यात गेला. एकटा. मीच नेलं. तळाशी बसून त्यानं सिलिंडरवर ठोकलं, मुनहोला परत बोलावलं, माझ्याबरोबर राहा म्हणून विनवलं. पाण्यावर एकाच जागी बुडबुडे होते, शेवटपर्यंत. वर आला तेव्हा सिलिंडर अर्धं भरलेलं होतं. ते बघून तो लहान मुलासारखा रडला.

कोणी उत्तर दिलं नव्हतं.

त्यांनी दुकान विकलं. आता योंगवोलला राहतात, डोंगरात. समुद्र दिसतही नाही, वाससुद्धा येत नाही. वहिनींना दम लागतो. फुप्फुसांचे फोटो झाले, रक्त झालं. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, वयाचं आहे, चालत जा.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. दुपारची वेळ. लख्ख ऊन पडलं होतं. जेवण झालं, वहिनी गप्पा मारता मारता खालून तापवलेल्या जमिनीवर कलंडल्या आणि त्यांना डुलकी लागली. मी उठायला लागलो तसा दोकसूनं माझा गुडघा दाबला.

"बस," तो हळूच म्हणाला. "ऐक."

वहिनींनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला. सोडला.

आणि थांबल्या.

छाती हलत नव्हती. ओठ किंचित उघडे होते. खोलीत काही हलत नव्हतं. मीही श्वास धरून बसलो होतो, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी घेतला. सोडला. घेतला. सोडला.

आणि थांबल्या.

"उठवत का नाहीस?" मी विचारलं.

"उठवलं होतं एकदा, मधेच," दोकसू म्हणाला. "तिची पाळी नसताना. श्वास परत यायला फार वेळ लागला. आता नाही उठवत. जवळ बसून राहतो."

त्याचे डोळे वहिनींच्या ओठांवरून हलत नव्हते. तो किती दिवस नीट झोपला नसेल, देव जाणे.

"मुनहो आधी एवढा वेळ घेत नव्हता," तो म्हणाला. "आता जास्त घेतो."

मी संध्याकाळच्या बसनं परत आलो. रोज सकाळी फोन करतो. दोकसू उचलतो, फोन झोपलेल्या वहिनींच्या तोंडाजवळ नेतो. मी ऐकतो. दोन श्वास. मग काहीच नाही. मग मी थांबून राहतो.

आजपर्यंत तरी त्यानं प्रत्येक वेळी परत दिलाय.